मंत्र्याचे शेअर आणि त्याच्या टेबलावरची फाइल

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

निवडणूक आली की उमेदवारांच्या संपत्तीचे आकडे छापून येतात. अमक्याकडे इतके कोटी, तमक्याची संपत्ती पाच वर्षांत इतक्या पट. कट्ट्यावर दोन दिवस विषय पुरतो. पण हितसंबंध तपासायचे असतील तर त्या एकूण आकड्याचा काडीचा उपयोग नाही. दोनशे कोटींच्या ठेवी बँकेत असलेला माणूस ऊर्जामंत्री झाला तर फारसे बिघडत नाही. वीजनिर्मिती कंपनीचे चाळीस लाखांचे शेअर असलेला माणूस त्याच खात्यावर बसला तर बिघडते. विचारायचे ते हे: पैसा कुठल्या कंपनीत आहे, कुठल्या तारखेपासून आहे, आणि त्या तारखेला टेबलावर कुठली फाइल होती?

तारखेचा आग्रह का, ते साखरेवरून लगेच समजेल. ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राच्या अन्न व सार्वजनिक वितरण विभागाने त्या हंगामात उसाच्या रसापासून आणि पाकापासून इथेनॉल करायला मनाई केली. लिस्टेड, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेल्या, साखर कंपन्यांचे शेअर धाडकन खाली आले. आठवड्याभरातच, १५ डिसेंबरला, १७ लाख टन साखरेइतकी मर्यादा घालून मनाई सैल झाली. पुढच्या हंगामासाठी ती ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस उठली. असे तीन आदेश निघाले, आणि प्रत्येक आदेशाच्या आधी काही दिवस तो कुठल्या बाजूला झुकणार हे माहीत असलेली मोजकी माणसे होती. त्यांपैकी कोणी शेअर घेतले किंवा विकले असे आम्ही म्हणत नाही. घेतले-विकले असते तरी आज जाहीर होणाऱ्या कागदांवरून ते कळण्याची सोय नाही, एवढेच म्हणतो.

हे कागद कोणते? पहिला म्हणजे उमेदवाराचे शपथपत्र, ज्याला नमुना २६ म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे ते आले. फेब्रुवारी २०१९ पासून त्यात पाच वर्षांच्या आयकर विवरणपत्रांतले उत्पन्न आणि परदेशातली मालमत्ताही द्यावी लागते. स्वतः, पती किंवा पत्नी, हिंदू अविभक्त कुटुंब आणि अवलंबित असे रकाने असतात. शेअर, डिबेंचर आणि म्युच्युअल फंड यांची एकच ओळ असते. लिस्टेड शेअरची किंमत बाजारभावाने द्यायची, अनलिस्टेड कंपनीची पुस्तकी किमतीने.

या ‘पुस्तकी’ शब्दात बरेच काही मावते. समजा, दहा रुपयांचे दहा हजार शेअर असलेली, म्हणजे एक लाख भांडवलाची एक खासगी कंपनी आहे. शिल्लक नफा चार लाख. या कंपनीने १९९६ साली मुळशी तालुक्यात पाच एकर जमीन घेतली आणि ती खरेदीच्या किमतीनेच ताळेबंदात पडून आहे. निम्मे शेअर उमेदवाराचे. शपथपत्रात या हिश्शाची किंमत लिहिली जाईल अडीच लाख रुपये, आणि ते कायदेशीर असेल. तीच जमीन स्वतःच्या नावावर असती तर गट क्रमांक, क्षेत्र आणि आजचा बाजारभाव लिहावा लागला असता. कंपनीच्या नावावर गेली की ती स्थावर मालमत्तेच्या तक्त्यातून बाहेर पडते.

‘अवलंबित’ या शब्दाचेही तसेच. ज्याला उत्पन्नाचे स्वतंत्र साधन नाही आणि जो उमेदवारावर अवलंबून आहे, तोच अवलंबित. स्वतःचे विवरणपत्र भरणारा तिशीतला मुलगा, सून, भाऊ यांचे डिमॅट खाते या कागदाच्या कक्षेतच येत नाही.

तिसरी अडचण सगळ्यांत मोठी. शपथपत्र हा पाच वर्षांतून एकदा काढलेला फोटो आहे. निवडून आल्यावर दुसऱ्या महिन्यात घेतलेला आणि चौथ्या वर्षी विकलेला शेअर दोन्ही फोटोंत दिसत नाही. फ्युचर्स-ऑप्शन्समधले सौदे तर महिन्या-दोन महिन्यांत मिटतात. विवरणपत्रातल्या एकूण उत्पन्नात ते विरघळून जातात. खासदारांना शपथविधीनंतर ९० दिवसांत सभापती किंवा अध्यक्षांकडे मालमत्तेचे विवरण द्यावे लागते (लोकप्रतिनिधित्व कायदा, कलम ७५अ). ते कलम संसदेपुरते आहे, आमदारांना लागू नाही.

राज्यसभेत नियम २९३ खाली सदस्यांच्या हितसंबंधांची नोंदवही असते. त्यात पाच गोष्टी: मोबदला मिळणारे संचालकपद, नियमित मोबदल्याचे काम, नियंत्रण ठेवण्याइतके भागधारण, सशुल्क सल्लागारी आणि व्यावसायिक काम. ‘नियंत्रण ठेवण्याइतके’ हे शब्द नीट वाचावेत. एखाद्या मोठ्या कंपनीचे दहा कोटींचे शेअर असले तरी तो शेकडा ०.०१ हिस्साही नसेल. ते नियंत्रण नव्हे, म्हणून नोंद नाही. लोकसभेत नियम ३७१ आहे, पण त्याप्रमाणे मतदानाला कोणीतरी आक्षेप घ्यावा लागतो आणि मग अध्यक्ष ठरवतात. आक्षेप घ्यायला आधी माहिती हवी, हे ओघाने आलेच.

आता मंत्र्यांकडे वळू. केंद्र आणि राज्य अशा दोन्ही ठिकाणच्या मंत्र्यांसाठी गृह मंत्रालयाने केलेली आचारसंहिता आहे. पद घेण्यापूर्वी मालमत्ता, देणी आणि व्यावसायिक हितसंबंध पंतप्रधानांना किंवा मुख्यमंत्र्यांना कळवायचे, दरवर्षी ३१ ऑगस्टपर्यंत विवरण द्यायचे, धंद्याच्या कारभारातून अंग काढून घ्यायचे, आणि सरकारला माल पुरवणाऱ्या किंवा परवान्या-कोट्यावर चालणाऱ्या धंद्यातली मालकीही सोडायची. इथवर उत्तम. पण त्याच मजकुरात पुढे म्हटले आहे की पब्लिक लिमिटेड कंपन्यांतले शेअर सोडण्याचा प्रश्न येत नाही. ते भागधारण मंत्र्याला कर्तव्य बजावताना अडचणीचे ठरेल असे पंतप्रधानांना किंवा मुख्यमंत्र्यांना वाटले तरच तो येतो. म्हणजे शेअर बाजारापुरता हा नियम एका माणसाच्या वाटण्यावर उभा आहे, आणि ज्याला वाटायचे त्याचे सरकार बऱ्याचदा त्याच मंत्र्याच्या गटाच्या पाठिंब्यावर उभे असते. संहिता हा कायदा नाही. मोडली तर शिक्षा नाही. विवरण जनतेपुढे मांडलेच पाहिजे, असेही ती म्हणत नाही.

शेजारी हिंजवडीतल्या एखाद्या लिस्टेड कंपनीत काय चालते, ते पाहा. तिथल्या लेखा विभागातली मुलगी ‘पदनिर्देशित व्यक्ती’ (पदामुळे आतली माहिती हाती येणारी) असेल तर तिमाही संपल्यापासून निकाल जाहीर झाल्यावर ४८ तासांपर्यंत तिच्यासाठी ट्रेडिंग विंडो, म्हणजे त्या कंपनीचे शेअर घेण्या-विकण्याची मुभा, बंद. त्या काळात तिचा पॅन त्या कंपनीच्या शेअरपुरता डिपॉझिटरीतच (डिमॅट खाती सांभाळणाऱ्या संस्थेत) गोठवला जातो. खरेदीची ऑर्डर टाकली तरी अडते. विंडो उघडी असताना ठरावीक रकमेच्या वर सौदा करायचा तर आधी परवानगी, आणि ती फार तर सात कामकाजाच्या दिवसांपुरती. घेतल्यावर सहा महिने उलटा सौदा नाही. एका तिमाहीत दहा लाखांच्या वर उलाढाल झाली तर दोन दिवसांत कंपनीला कळवायचे, कंपनीने पुढच्या दोन दिवसांत शेअर बाजाराला. सेबी (शेअर बाजाराची नियामक संस्था) कायद्याच्या कलम १५ग खाली दंड किमान दहा लाख, कमाल २५ कोटी किंवा नफ्याच्या तिप्पट, यांतला जास्त असेल तो.

पब्लिक कंपनीच्या संचालकाचा दुसऱ्या कंपनीत दोन टक्क्यांहून जास्त हिस्सा असेल, तर त्या कंपनीशी होणाऱ्या कराराच्या चर्चेतून त्याला उठावे लागते (कंपनी कायदा, कलम १८४). नाही उठला तर संचालकपद जाते. सरकारी कर्मचाऱ्याला शेअरमध्ये सट्टा निषिद्ध आहे आणि वारंवार घेणे-विकणे हाच सट्टा समजला जातो. केंद्रीय कर्मचाऱ्याची वर्षभरातली उलाढाल सहा महिन्यांच्या मूळ वेतनापलीकडे गेली की कळवावे लागते. या सगळ्यांच्या वर बसून सही करणाऱ्याला यातले एकही बंधन नाही.

‘इनसायडर ट्रेडिंगचा, म्हणजे आतल्या माहितीवर शेअरचे सौदे करण्याविरुद्धचा, कायदा मंत्र्यालाही लागू आहेच की,’ असे कोणी म्हणेल. अर्धे खरे आहे. सेबीच्या २०१५ च्या नियमांप्रमाणे किमतीवर परिणाम करणारी अप्रकाशित माहिती ज्याच्याकडे आहे तो प्रत्येक जण इनसायडर, मग तो कंपनीचा असो वा नसो. एका कंपनीला खाणपट्टा मिळणार हे आधी कळले आणि शेअर घेतले, तर प्रकरण उभे राहू शकते. पण ती माहिती ‘कंपनीशी किंवा तिच्या रोख्यांशी’ संबंधित हवी. सगळ्या सिमेंट उद्योगावरचा कर, सगळ्या साखर उद्योगावरची मनाई अशा धोरणात वकिलाला वाद घालायला ऐसपैस जागा मिळते. शिवाय संशयास्पद सौदा शोधताना सेबीची यंत्रणा कंपनीचे अधिकारी, लेखापरीक्षक, दलाल यांच्या यादीशी पॅन जुळवून पाहते. मंत्री, त्यांचे खासगी सचिव आणि कुटुंबीय यांची खातेवार यादीच कुठे केलेली नसेल, तर जुळवणार कशाशी?

उपाय फार मोठा नाही, यंत्र तयार आहे. खातेवाटप झाले की प्रत्येक मंत्र्याचा, त्याच्या पती-पत्नीचा आणि सज्ञान मुलांचा पॅन एनएसडीएल आणि सीडीएसएल या दोन डिपॉझिटरींकडे द्यावा. खात्याच्या अखत्यारीत येणाऱ्या लिस्टेड कंपन्यांची यादी विभागाच्या सचिवाने करावी आणि त्या शेअरपुरता पॅन पद असेपर्यंत गोठवावा. आधीपासून असलेले शेअर १२० दिवसांत विकावेत. ही मुदत आम्ही हवेतून काढलेली नाही, कॅनडाच्या हितसंबंध कायद्यात तेवढीच आहे. विकल्यावर भांडवली नफ्यावर कर बसेल: एक वर्षाहून जास्त ठेवलेल्या लिस्टेड शेअरवर सव्वा लाखाच्या वरच्या नफ्याला साडेबारा टक्के, त्याहून कमी काळ ठेवलेल्यावर वीस टक्के. पदासाठी विकायला लावताय तर तो कर पुढे ढकलायची सवलत द्यावी. अमेरिकेत ती आहे, आणि त्यामुळे विकायला कुरकुर कमी होते. विकून आलेला पैसा निर्देशांकावर आधारित म्युच्युअल फंडात ठेवला तर कोणाचीच हरकत नसावी. पन्नास कंपन्यांच्या फंडात एका फाइलने काही हलत नाही. एखाद्या क्षेत्रापुरता फंड मात्र चालणार नाही. वीज कंपन्यांचा फंड म्हणजे वीज कंपन्यांचे शेअरच.

पीएमएस (पोर्टफोलिओ मॅनेजमेंट सर्व्हिस) हा शब्द हल्ली ढालीसारखा पुढे केला जातो: ‘माझे पैसे पोर्टफोलिओ मॅनेजर बघतो, मला काही माहीत नाही.’ पीएमएसमध्ये शेअर ग्राहकाच्याच डिमॅट खात्यात असतात. प्रत्येक सौद्याचा मेसेज त्याच्याच मोबाइलवर येतो.

ब्लाइंड ट्रस्टची, म्हणजे मालकाला काही न कळवता विश्वस्ताने त्याची गुंतवणूक सांभाळायची, अशी मागणीही अधूनमधून होते. आपल्याकडे ती थेट उतरवता येत नाही, कारण भारतीय न्यास कायदा, १८८२ च्या कलम १९ प्रमाणे लाभार्थ्याने मागितली तर विश्वस्ताला मालमत्तेची पूर्ण माहिती द्यावीच लागते, आणि कलम ५७ लाभार्थ्याला हिशेब तपासायचा हक्क देते. मालकाने डोळे मिटायचे कबूल केले तरी कायदा ते केव्हाही उघडू देतो. त्यासाठी वेगळी तरतूद करावी लागेल. आणि तशी केली तरी पहिल्या दिवशी ट्रस्टमध्ये काय टाकले ते मालकाला पाठच असते. विश्वस्ताने ते शेअर विकून दुसरे घेईपर्यंत ट्रस्ट आंधळा नसतो, फक्त डोळे मिचकावत असतो.

घरची कंपनी असणाऱ्या नेत्याला ‘विका’ म्हणणे व्यवहार्य नाही, हे मान्य. तिथे एकच मार्ग उरतो: त्या उद्योगाशी संबंधित फाइल त्याच्याकडे जाऊच नये, दुसऱ्या मंत्र्याकडे वर्ग व्हावी, आणि वर्ग केल्याची टिपणी कारणासह फाइलवर राहावी. तोंडी ‘मी लक्ष घातले नाही’ याला अर्थ नाही.

अमेरिकेचे नाव निघाले म्हणून सांगतो, तिथले सगळेच घेण्यासारखे नाही. २०१२ च्या स्टॉक कायद्याने तिथल्या संसद सदस्याला हजार डॉलरच्या वरचा प्रत्येक सौदा फार तर ४५ दिवसांत जाहीर करावा लागतो. कल्पना चांगली, पण उशिराचा दंड २०० डॉलर, म्हणजे तिथल्या माणसाला रात्रीच्या जेवणाचे बिल. रक्कमही नेमकी द्यावी लागत नाही. पहिलाच टप्पा १,००१ ते १५,००० डॉलर असा ऐसपैस आहे. स्वतःचा आर्थिक हितसंबंध असलेल्या प्रकरणात भाग घेणे हा तिथल्या सरकारी अधिकाऱ्यासाठी फौजदारी गुन्हा आहे, मात्र अध्यक्ष आणि उपाध्यक्ष त्यातून वगळलेले. तरीही ४५ दिवसांनी का होईना, कोणी काय घेतले ते तिथल्या मतदाराला दिसते. आपण पाच वर्षे थांबतो.

पुण्यात हा विषय शेअरवर थांबत नाही. इथले खरे रोखे सातबाऱ्यावर असतात. वर्तुळाकार रस्त्याची आखणी, पुरंदरच्या विमानतळाची हद्द, विकास आराखड्यातले आरक्षण उठणे, टीडीआरचा (हस्तांतरणीय विकास हक्काचा) नियम बदलणे, यांतली प्रत्येक गोष्ट किमतीवर परिणाम करणारी अप्रकाशित माहितीच आहे. फरक एवढाच की जमिनीला सेबी नाही, विंडो नाही आणि पॅन गोठत नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम १० प्रमाणे महापालिकेच्या कंत्राटात स्वतः किंवा भागीदारामार्फत, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असलेला माणूस नगरसेवक राहू शकत नाही. भागीदारी पेढीला हे कलम चपखल लागते. कंपनी मध्ये आली की ‘कंपनी ही वेगळी व्यक्ती’ हा युक्तिवाद सुरू होतो. स्थायी समितीत सोळा जण असतात. निविदेच्या प्रत्येक विषयापूर्वी त्या सोळा जणांनी ‘या निविदाधारकाशी माझा किंवा माझ्या कुटुंबाचा संबंध नाही’ एवढे एक वाक्य सही करून द्यावे. कागद अर्धा लागेल.

सहकाराबद्दल बोलल्याशिवाय पश्चिम महाराष्ट्रात हा विषय पुरा होत नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १० मध्ये, ज्या कंपनीत सरकारचे २५ टक्के किंवा जास्त भांडवल आहे तिचा व्यवस्थापक किंवा सचिव निवडणुकीला अपात्र ठरतो. पण कंसात लिहून ठेवले आहे, ‘सहकारी संस्था वगळून’. ज्या कारखान्याला सरकार भागभांडवल देते, कर्जाला थकहमी देते, त्याच्याशी नाते असलेल्यांनी थकहमीच्या बैठकीत बसावे की नाही, याचे उत्तर त्या कंसात अडकून पडले आहे.

वाचकाला स्वतः तपासायचे असेल तर तास-दोन तासांचे काम आहे. विधानसभा-लोकसभेची शपथपत्रे केंद्रीय निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर मिळतात, महापालिकेची राज्य निवडणूक आयोगाकडे. एकूण बेरीज पाहू नका. शेअरची ओळ वाचा, आणि त्याहून बारकाईने ‘व्यक्ती, संस्था, कंपनी यांना दिलेली कर्जे’ ही ओळ वाचा. शेअरच्या रकान्यात ‘निरंक’ लिहिणाऱ्याच्या कंपनीचे नाव बऱ्याचदा तिथे सापडते, कारण मालक कंपनीला भांडवल कमी आणि उसने जास्त देतो. मग सरकारी कंत्राटांचा तक्ता पाहा. सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०१८ च्या निकालानंतर तो आला आणि त्यात भागीदारी पेढ्या व खासगी कंपन्याही येतात. मात्र तो ‘समुचित शासन’ आणि पब्लिक कंपन्यांशी केलेल्या करारांपुरता आहे. समुचित शासन म्हणजे केंद्र किंवा राज्य. आमदाराच्या कंपनीने महापालिकेचा रस्ता केला तर शब्दशः वाचता तो तिथे यायलाच हवा असे नाही.

कंपनीचे नाव मिळाले की कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर जा. संचालक कोण हे फुकट दिसते. शंभर रुपये भरून वार्षिक विवरणपत्र आणि भागधारकांची यादी उघडता येते. एलएलपी (मर्यादित दायित्व भागीदारी) असेल तर नमुना ११ मध्ये भागीदार सापडतात. लिस्टेड कंपनीचा भागधारण तक्ता दर तिमाहीनंतर २१ दिवसांत शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर येतो, पण प्रवर्तक सोडून बाकीच्यांची नावे एक टक्का किंवा जास्त हिस्सा असेल तरच. जमिनीसाठी नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर गट क्रमांक टाकून सूची-२ (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) पाहावी आणि फेरफाराच्या तारखा आराखड्याच्या तारखांशी ताडून पाहाव्यात. मंत्र्याने मुख्यमंत्र्यांना दिलेले वार्षिक विवरण हवे असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज: दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नकार येण्याची शक्यता दाट आहे, कारण २०२३ च्या वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ञ) मधली सार्वजनिक हिताची वाट काढून टाकली. अर्जातच कलम ८(२) चा उल्लेख करून ठेवावा. त्या कलमातली सार्वजनिक हिताची वाट अजून शाबूत आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्या न्यायमूर्तींची मालमत्ता शेअरसह संकेतस्थळावर ठेवली, हेही अपिलात लिहायला हरकत नाही.

शेवटी आपल्याकडे एक मागणी. खातेवाटपाची बातमी छापताना प्रत्येक मंत्र्याच्या नावापुढे खाते असते, मतदारसंघ असतो, शिक्षण असते. त्यातच त्याच्या शपथपत्रातली शेअरची ओळ कंपन्यांच्या नावांसह द्यावी. २८८ च्या १५ टक्के म्हणजे मंत्री जास्तीत जास्त ४३. अर्ध्या पानात बसतील. काही शपथपत्रे हाताने भरलेली आणि तिरकी स्कॅन केलेली असतात, तेवढ्यांसाठी भिंग लागेल.

आपला,
एक कंपनी सचिव
कोथरूड, पुणे